सोमवारचे मत्स्यपुराण

मराठीत मासळीविषयी सर्वांत चांगले लेखन कोठे छापले जाते, असे कोणी मला विचारले तर मी पुण्याच्या वर्तमानपत्रांतल्या सोमवारच्या बाजारभावाकडे बोट दाखवीन. वाचकहो, हसू नका. कथा-कादंबऱ्या, कविता, गाणी आणि पाकशास्त्राची पुस्तके यांची सगळी चळत एका पारड्यात घातली आणि दुसऱ्यात बारीक टायपातले ते चिंचोळे सदर ठेवले, तरी काटा सदराकडेच झुकेल. गंमत अशी की, सोमवारी मासळीला न शिवणारी घरे पुण्यात पुष्कळ आहेत, आणि नेमके त्याच सकाळी हे पुराण दारात येऊन पडते. आदल्या दिवशीच्या, म्हणजे रविवारच्या, गणेश पेठेतल्या मासळीबाजाराचा तो वृत्तान्त असतो.

टीकाकाराने ग्रंथाची रचना आधी पाहावी असा संकेत आहे, म्हणून तीच पाहू. सदराचे अध्याय ठरलेले आहेत: खोल समुद्रातली मासळी, खाडीची मासळी, नदीची मासळी. मंगलाचरण आवकेच्या आकड्यांचे. मग एकेका अध्यायात नुसती नावे आणि पुढे भाव. विशेषण म्हणून ‘लहान’, ‘मध्यम’ आणि ‘मोठे’ एवढेच. क्रियापद तर औषधालाही नाही. पण नावे कशी आहेत ती मोठ्याने वाचून पाहा. पापलेट, हलवा, सुरमई, रावस, घोळ, करली, पाला, मोरी, मांदेली, राणीमासा. मग खाडी: सौंदाळे, खापी, नगली, तांबोशी, पालू, लेपा, शेवटे, पेडवी, बेळुंजी, तिसऱ्या, खुबे, तारली. मग नदी: मरळ, वाम, शिवडा, खवली, आम्ळी, चिलापी. आमच्या घरी हे वाचन चहाबरोबर होते. नातवंडांना त्यातले ‘बेळुंजी’ फार आवडते. ते एखाद्या मावशीचे नाव असावे अशी धाकटीची समजूत आहे.

ही नावे कोणा पंडिताने बसून पाडलेली नाहीत. तळाशी चिकटून पडून राहणाऱ्या चपट्या माशाला लेपा म्हणणारा, तांबूस अंगाच्याला तांबोशी म्हणणारा आणि गुलाबी झाक असलेल्या बारक्या माशाला एकदम राणीपद बहाल करणारा जो कोणी होता, त्याने शाळेचे तोंड पाहिले असेल-नसेल; पण भाषेचा कान त्याला होता. आपल्या कवींनी पाखरांची आणि फुलांची नावे आपल्याला पाठ करून दिली. माशांच्या नावांचे हे भांडार मात्र कोळी, भोई, खारवी, गाबीत यांच्या तोंडी राहिले आणि तेथून थेट बाजारभावात आले. मधला साहित्याचा मुक्काम त्याला मिळाला नाही.

याला प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर आपल्या सर्वांच्या आवडत्या गाण्याचा देतो. ‘मी डोलकर’ हे कोळीगीत ठाऊक नाही असे मराठी घर सापडणार नाही. शब्द शान्ता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. शान्ताबाई इंदापुरात जन्मलेल्या, पुण्यात हुजूरपागेत आणि स. प. महाविद्यालयात शिकलेल्या. समुद्रापासून इतक्या लांब वाढलेल्या कवयित्रीने कोळ्यांच्या लग्नांत-वरातींत वाजावी अशी गीते लिहावीत, हा तिच्या कानाचाच पराक्रम. गाण्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार ऐकणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यांत माझी स्वतःची बैठकही आली. एका दिवाळीच्या मेळाव्यात मी सहज विचारले की, डोलकर म्हणजे काय? वीस-पंचवीस सुशिक्षित माणसांपैकी बहुतेकांनी सांगितले, ‘होडीत डोलणारा.’ एकजण म्हणाला, ‘प्यायलेला.’

डोल हे जाळे आहे. तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी ती एक लांबलचक पिशवी. तोंडाकडचे आस मोठे आणि शेपटाकडे ते बारीक बारीक होत जातात. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ती भरतीच्या किंवा ओहोटीच्या ओढीत तोंड करून बांधतात. पाण्याचा लोंढा मासळीला आत लोटतो आणि पाणी थबकते तेव्हा जाळे उचलतात. म्हणजे हा मनुष्य माशाच्या मागे धावत नाही. पाणी मासा घेऊन येते आणि त्याची वेळ याला ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा ओढीला जोर. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद. वसई, उत्तन, अर्नाळा या बाजूचा बोंबील मुख्यतः अशाच जाळ्यात येतो आणि वलांडीवर वाळतो. ते जाळे लावतो तो डोलकर. हे कळल्यावर ते गाणे पुन्हा ऐका. ज्याला आपण नुसता तालावर झुलणारा रंगेल गडी समजत होतो, तो चंद्राची कला, पाण्याची ओढ आणि स्वतःच्या खुंटाची जागा डोक्यात ठेवून वावरणारा कारागीर निघतो.

कादंबरीकडे वळावे तर तेथे समुद्र आहे, नाही असे नाही. विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (१९३९) घडते ते युरोपातून निघालेल्या बोटीवर. अनंत सामंतांचे ‘एम टी आयवा मारू’ (१९८९) जहाजावरच. दोन्ही कादंबऱ्या मला प्रिय आहेत. परंतु या समुद्रावरून माणसे जातात. त्यात जाळे टाकायला कोणी थांबत नाही. जाळे आणि गळ यांचा समुद्र मराठी मध्यमवर्गाला भेटला तो पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’मधून, १९६५ साली, आणि तो कोळी क्यूबातला! हेमिंग्वेच्या त्या म्हाताऱ्याला मोठेपण येते ते त्याच्या तत्त्वज्ञानामुळे नव्हे. कोणता दोर किती खोल सोडला, आमिष कसे लावले, हाताला कोठे कापले, हे लेखकाला माहीत आहे म्हणून येते. नामकरणात पु. लं.नी शाळेतल्या जुन्या कवितेतल्या कोळ्याला, म्हणजे जाळे विणणाऱ्या किड्याला, हाक मारली आहे. एकाच शब्दात किडा आणि माणूस दोघेही मावतात, हे मराठीचे भाग्य म्हणायचे की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे.

शेजारच्या भाषांत पाहा. बंगालीत माणिक बंद्योपाध्यायांनी १९३६ साली पद्मा नदीवरच्या मच्छीमारांवर कादंबरी लिहिली. अद्वैत मल्लबर्मन हा तर मालो या मच्छीमार जातीतच जन्मला आणि त्याची तितास नदीवरची कादंबरी १९५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी मल्याळीत तकळींचे ‘चेम्मीन’ निघाले. आपल्याकडे त्या तोलाचे एक नाव पटकन ओठावर येत नाही. स्वयंपाकघराने मात्र आपली बाजू राखली आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्र’सारख्या (१९१०) जुन्या पुस्तकात मासळीला मानाचे पान आहे. पण पाककृतीतला मासा मेलेला आणि धुतलेला असतो. तो कोणत्या जाळ्यातून आला हे तेथे अप्रस्तुत ठरते.

कोणी म्हणेल, एवढे काय बिघडले? शब्द गेले तर गेले. पोट भरते आहे ना? तर आता त्या सदराच्या मंगलाचरणाकडे, आवकेच्या आकड्यांकडे, परत येतो. खोल समुद्रातली मासळी तेथे टनांत मोजलेली असते. आंध्र प्रदेशातून येणारी रहू, कतला, सीलन ही तळ्यांत वाढवलेली मासळीही टनांत. खाडीची आणि नदीची मात्र किलोंत. एका छोट्या वाक्यात दोन वजनमापे! माझ्या मते सदरातला सर्वांत बोलका मजकूर तोच. टनांच्या बाजूला मोठ्या यांत्रिक नौका, बर्फाचे कारखाने, रात्रभर धावणारे ट्रक. किलोंच्या बाजूला एक होडी, दोन भाऊ, किंवा ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या वेचणारी बाई. १९५०-६० नंतर यांत्रिक नौका आणि ट्रॉलर सरकारी उत्तेजनाने वाढले, पुढे माशांचा अख्खा थवा घेरणारे पर्ससीन जाळे आले, आणि किनाऱ्याजवळ ज्याची होडी तेथपर्यंतच जाते त्याच्या वाट्याला उरलेसुरले आले.

आता यात पुण्याच्या गिऱ्हाइकाचा संबंध कोठे येतो? जिभेपाशी येतो. आपल्या शहरात मासळीच्या खाणावळींना गेल्या काही वर्षांत उदंड पीक आले आहे. त्यांची पाटी वाचा: सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, उदार मालक असला तर बांगडा. सदरातली तीस-चाळीस नावे ताटापर्यंत येताना चार उरतात. त्याचा परिणाम कसा होतो तो डोलकराच्या आणि रापणकराच्या बाजूने पाहिला पाहिजे. मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोके पुळणीवरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. मासळीचे वाटे पडतात. त्या जाळ्यात काय यावे हे रापणकर ठरवीत नाही. तारली येते, पेडवी येते, लेपा येतो, कधी बांगडा, कधी नुसता कचरा. असल्या सरमिसळ मासळीला पैसा तेव्हाच येतो, जेव्हा तिच्यातल्या प्रत्येक नावाला कोणीतरी गिऱ्हाईक असते. गिऱ्हाइकाला चारच नावे येत असतील तर बाकीचे सारे ‘किरकोळ’ या एका शब्दात मोजले जाते, नाहीतर कुटाच्या कारखान्यात जाऊन कोंबड्यांचे आणि कोळंबीचे खाद्य होते. शब्द गेला की भाव जातो, असा हा रोकडा व्यवहार आहे.

एका रविवारी गणेश पेठेत मी माझे ज्ञान दाखवायला गेलो. “मावशी, आज लेपा आहे का?” ती सुरमईचे तुकडे करीत होती. मान वर न करताच म्हणाली, “काका, लेपा कोण मागतं आता? आणला तर दुपारपर्यंत माझ्याकडेच बघत बसतो.” मी म्हटले, “मी मागतोय ना.” तेव्हा तिने वर पाहिले. “तुम्ही एक. अजून चार जण घेऊन या दर रविवारी, मग सांगते वरती.” ‘वरती’ म्हणजे तिला माल पाठवणारा कोकणातला व्यापारी. अर्थशास्त्राचे जे व्याख्यान मी आत्ता वरच्या परिच्छेदात दिले, ते तिने कोयता न थांबवता तीन वाक्यांत आटोपले होते. त्या दिवशी मी मांदेली घेतली. ती साफ करण्यात घरच्यांचा आणि माझा रविवार गेला, हेही नमूद करतो. चार थाळ्यांच्या लोकप्रियतेत काट्यांच्या आळसाचा मोठा वाटा आहे. करली आणि पाला यांची चव ज्यांनी घेतली आहे ते त्यांच्या काट्यांना क्षमा करतात. ज्यांनी घेतली नाही त्यांना ती पहिल्यांदा घ्यायला कोणी लावावे?

छोट्या मच्छीमाराची बाजू घेताना त्याला संत करण्याचे कारण नाही. आपल्या साहित्यात गरीब माणूस आला की लगेच त्याच्या डोक्यामागे प्रभावळ लागते. तो मोह मी टाळतो. डोलीचे शेपूट बारीक आसांचे असते आणि त्यात पापलेटाची पिल्लेही सापडतात. त्यामुळे पापलेटासाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीच्या मच्छीमारांचे आणि डोलवाल्यांचे खटके उडालेले आहेत. २०२३ साली पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा हा किताब मिळाला. किताब मिळतो तोवर मानकरी दुर्मिळ झालेला असतो, हा अनुभव मनुष्यांच्या बाबतीतही येतोच. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा धरू नये असा नियम झाला. याच्या आधी १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा आहे, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच मुदतीत बांधणारा २०१६ चा आदेश आहे, दंड वाढवणारी २०२१ ची दुरुस्ती आहे. कायदे वाचले तर वाटते, समुद्रात आता रामराज्यच असेल. समुद्रात पाटी लावता येत नाही आणि गस्तीची बोट एकावेळी एकाच ठिकाणी असते, हा भाग कायद्याच्या पुस्तकात येत नाही.

पावसाळ्यातल्या बंदीचे उदाहरण घ्या. सध्या ती १ जून ते ३१ जुलै अशी असते. कोळ्यांचा स्वतःचा हिशेब निराळा. दर्या शांत होतो, नारळ वाहिला जातो, मग होडी पाण्यात जाते. आणि नारळीपौर्णिमा बहुधा ऑगस्टात कोठेतरी पडते. मधल्या दिवसांत मोठ्या नौका १ ऑगस्टच्या मुहूर्तावर बाहेर पडून मासळी उचलून आलेल्या असतात. म्हणून बंदी पुढे न्यावी ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी जुनी आहे. जी मंडळी श्रावण पाळतात त्यांनी नकळत का होईना कोळ्यांच्या पंचांगाला हातभार लावला आहे, असे माझ्या एका मत्स्याहारी मित्राला मी सांगितले. तो श्रावण पाळत नसल्यामुळे त्याला ते पटले नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा यांत त्याचा उपयोग व्हावा हा हेतू चांगलाच आहे. पण माझ्यातला शब्दांचा कारकून तेथे अडखळतो. शेतकऱ्याचा सातबारा असतो. डोलकराच्या खुंटाची जागा वाडवडिलांपासून चालत आली असली तरी ती कोणत्या दप्तरात लिहिलेली आहे? वाढवणला बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा डहाणूकडच्या मच्छीमारांच्या विरोधामागे हाच प्रश्न होता.

समुद्र लांब आहे म्हणून पुणेकराला वाटेल की, हे सारे पलीकडचे. तेव्हा सदराचा तिसरा अध्याय, नदीचा, वाचल्याशिवाय सोडवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुळा-मुठा, भीमा, घोड या नद्यांतले मासे तपासून १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. या गृहस्थाने एक मोठे रसिकपणाचे काम केले. माशांना नावे देताना त्याने बहुतेक ठिकाणी लॅटिनचा कोश न उघडता येथल्या मासे धरणाऱ्यांच्या तोंडचेच शब्द, आपल्या इंग्रजी कानाला आले तसे, उचलले: खुद्री, कोळस, मसुल्ला, नुक्ता, पोटाइल, मुल्या, शिंगटी. आजही जगातल्या कोणत्याही प्राणिशास्त्राच्या ग्रंथात दख्खनच्या म्हसीराचे नाव ‘टॉर खुद्री’ असेच आहे. मुठेच्या काठच्या कोणा भोयाचा शब्द लंडनच्या विद्वत्सभेपर्यंत पोचला आणि तेथे कायम झाला. मराठी शब्दाचा असा सन्मान आपल्या शब्दकोशकारांच्या हातूनही फारसा झालेला नाही. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी ‘पुण्याचे मासे’ या विषयावर मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकात लेख लिहिला. नंतरच्या पाहण्यांत त्या यादीतले कितीतरी मासे शहराच्या पात्रात सापडेनासे झाले. धरणे, सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले मासे ही कारणे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत.

आता सोमवारच्या सदरात नदीच्या मासळीखाली काय छापतात? रहू आणि कतला. हे मूळचे गंगेकडचे. चिलापी; हा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला. भिगवणच्या बाजारात उजनीच्या पाण्यातून येणाऱ्या मालात चिलापी मुबलक असते, आणि धरणाने ज्यांची जमीन गेली अशी कित्येक घरे त्याच पाण्यावर जाळे टाकून जगतात. म्हणून त्या माशाला मी परका म्हणून हिणवणार नाही. मरळ आणि वाम यांनी आपली जागा राखली आहे. साइक्सने टिपलेली खुद्री, कोळस, नुक्ता ही नावे मात्र मी वर्षानुवर्षे सोमवार वाचत आलो तरी तेथे भेटलेली नाहीत.

इतके दोष-गुण सांगितल्यावर ग्रंथकाराला एखादी सूचना करण्याचा टीकाकाराचा हक्क मी बजावतो. संपादकमहाशय, भावाच्या शेजारी आणखी दोन रकाने घाला: मासळी कोणत्या बंदराची किंवा धरणाची, आणि कोणत्या जाळ्यातली. बोंबील, अर्नाळा, डोल. तारली, मालवण, रापण. चिलापी, भिगवण. व्यापाऱ्याला हे ठाऊक असते. विचारले तर सांगेल. जागेची अडचण येईल हे मी जाणतो. पण सोमवारचे राशिभविष्य पुष्कळ ऐसपैस असते. त्यातून, वाटल्यास मीन राशीपासून सुरुवात करून, सहा-सात ओळी काढता येतील.